तमालपत्र : एका पानाची ओळख आणि एका वैद्याची आठवण

सणासुदीला घरात पुलाव शिजतो. ताटात भात वाढला गेला की त्यात एखादे लांबट, तपकिरी झालेले पान निघते. आपण ते दोन बोटांनी उचलतो आणि ताटाच्या कडेला ठेवतो. त्याचे काम झालेले असते. त्याचा वास भातात उतरलेला असतो, आणि चावून खाण्याजोगे ते नसते. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला भाजायला घेतला की लवंग, दालचिनी, नागकेशर यांच्या जोडीला हीच पाने तव्यावर पडतात. आपल्या आया आणि आज्या त्यांना 'तमालपत्र' म्हणत आल्या. एवढ्या ओळखीच्या पानाबद्दल नवे काय सांगावयाचे, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे.

परंतु या पानाची खरी ओळख जगाला पटण्यास जवळजवळ पंधराशे वर्षे लागली. ज्याने ती गोव्यात बसून लिहून ठेवली, त्या वैद्याच्या अस्थी त्याच गोव्यात थडग्यातून उकरून जाळण्यात आल्या, आणि त्या आपल्याच ख्रिस्तसभेच्या नावाने जाळण्यात आल्या. पानाचे औषधी गुण सांगताना ही दुसरी गोष्ट गाळणे सोपे आहे. आम्हांला ते योग्य वाटत नाही.

झाडाची ओळख

तमालपत्राचे झाड हे दालचिनीचे सख्खे भावंड आहे. दालचिनी, कापूर आणि युरोपात ज्याच्या पानांचे मुकुट विजेत्यांच्या मस्तकी ठेवीत ते लॉरेल, ही सारी एकाच कुळातील झाडे. वनस्पतिशास्त्रात तमालपत्राच्या झाडाला 'सिनॅमोमम तमाला' असे नाव आहे. ते मध्यम उंचीचे आणि सदाहरित असते. हिमालयाच्या पायथ्याचे डोंगर, नेपाळ, सिक्कीम आणि मेघालयातील खासी टेकड्या हे त्याचे माहेर. कोवळी पालवी तांबूस-गुलाबी असते. पुढे ती हिरवीगार होते. हिंदीत या पानाला 'तेजपत्ता' किंवा 'तेजपात' म्हणतात. उत्तराखंडातील तेजपाताला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

पान ओळखण्याची खूण सोपी आहे. त्याच्या देठापासून तीन ठळक शिरा निघतात आणि पानाच्या लांबीभर टोकाकडे जातात. परदेशी मालाच्या दुकानांत 'बे लीफ' या नावाने जी पाकिटे मिळतात त्यांतील पान बहुधा युरोपीय लॉरेलचे असते. त्याला मधोमध एकच शीर असते आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंस बारीक शिरा फुटतात. वासही वेगळा असतो. आपल्या पानाला दालचिनी-लवंगेचा उबदार वास येतो, तर लॉरेलच्या पानाचा वास किंचित निलगिरीकडे झुकतो.

सह्याद्रीच्या जंगलांत या झाडाची दुसरी एक बहीण आढळते. तिला आपण रानदालचिनी म्हणू. तिची पानेही तमालपत्र म्हणून वापरली जातात. कोकणात ज्यांच्या परसात दालचिनीचे झाड आहे, अशी कुटुंबे त्याचेच पान तोडून भातात टाकतात. संस्कृत काव्यात जो काळासावळा 'तमाल' वृक्ष येतो तो मात्र अभ्यासकांच्या मते निराळा. नावे अशी एकमेकांत मिसळतात, आणि पुढचा घोळ येथूनच सुरू होतो.

वैद्यांचे पान

आयुर्वेदात या पानाला नुसते 'पत्र' किंवा 'पत्रक' असेही म्हटले आहे. जणू औषधाच्या पेटीत 'पान' म्हटले की हेच! दालचिनी, वेलची आणि तमालपत्र या तिघांना मिळून 'त्रिजात' म्हणतात. त्यात नागकेशर मिसळले की 'चातुर्जात' होते. कितीतरी चूर्णांत, अवलेहांत आणि आसवांत हे मिश्रण पडते. औषधाला सुगंध यावा, ते पोटाला पचावे आणि जिभेला रुचावे, हा त्यामागचा हेतू.

सोळाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या 'भावप्रकाश' या ग्रंथात पत्रकाला उष्ण, हलके आणि किंचित तीक्ष्ण म्हटले आहे. कफ व वात कमी करणारे, तसेच मूळव्याध, मळमळ, तोंडाची अरुची आणि जुनाट सर्दी यांवर उपयोगी, असे त्याचे वर्णन येते. युनानी हकीम त्याला 'साजज हिंदी' म्हणतात. हे नाव जुन्या अरबी ग्रंथांतून आले आहे आणि मध्ययुगातील थोर वैद्य इब्न सीना यांच्या ग्रंथातही ते आढळते. नावातच हिंदुस्थानचा पत्ता आहे.

घरगुती उपयोग तर सर्वांना ठाऊक आहेत. सर्दी-पडशात आले, तुळस आणि मिरे यांच्या काढ्यात एखादे पान टाकणे, जड जेवणाच्या रश्श्यात ते घालणे, धान्याच्या डब्यात किडीसाठी आणि कपड्यांच्या पेटीत कसरीसाठी दोन-चार पाने ठेवणे, या चालीरीती अनेक घरांत अजून आहेत. यांतील कपड्यांच्या पेटीची चाल तर दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या साम्राज्यातही होती, हे सांगितले तर कोणालाही नवल वाटेल.

रोमच्या बाजारात

ग्रीक आणि रोमन लोक या पानाला 'मालाबाथ्रम' म्हणत. हा शब्द आपल्याच 'तमालपत्र' या शब्दाचा अपभ्रंश. ग्रीक भाषेत अनेकवचनी नपुंसकलिंगी नामाआधी 'ता' असे उपपद लागते. 'तमालपत्र' कानी पडले तेव्हा त्यांनी पहिल्या अक्षराला उपपद समजून वेगळे काढले आणि उरले ते 'मालाबाथ्रा' हे नाव मानले, असा या शब्दाचा उलगडा सांगितला जातो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. हे पुस्तक 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध आहे. लेखकाचे नाव मात्र काळाच्या ओघात हरवले. आपल्या सोपाऱ्याचा आणि कल्याणचा उल्लेख याच पुस्तकात 'सुप्पारा' आणि 'कल्लिएना' असा येतो. मालाबाथ्रमची निर्यात मुझिरिस व नेलकिंडा या मलबारच्या बंदरांतून होत असे, असे तो लिहितो. मुझिरिस म्हणजे कोडुंगल्लूरचा परिसर. प्रेषित संत थॉमस जेथे उतरले असे परंपरा मानते, तेच हे बंदर.

हे पान येते कोठून, याचीही हकिगत पुस्तकाच्या शेवटी आहे. दूर ईशान्येकडे, 'थिना' देशाच्या सीमेवर, ठेंगण्या बांध्याचे आणि रुंद चेहऱ्याचे लोक दरवर्षी बायकामुलांसह येतात. हिरव्या पानांची मोठमोठी ओझी त्यांच्या पाठीवर असतात. चटया अंथरून ते काही दिवस सण साजरा करतात आणि परत जातात. मग त्या भागातील लोक मागे राहिलेली सामग्री गोळा करतात, पानांच्या घड्या करून त्यांचे गोळे बांधतात आणि ते धाग्यात ओवतात. मोठ्या पानांचा गोळा, मध्यम पानांचा आणि लहान पानांचा, अशा तीन प्रती ठरतात. अभ्यासक या लोकांचा ठिकाणा आसाम-सिक्कीमच्या आसपास लावतात. तमालपत्राचे झाड आजही तेथे मुबलक आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अनामिक व्यापाऱ्याच्या माहितीचे कौतुक वाटते.

या पानाला रोममध्ये मोल किती होते? रोमन लेखक प्लिनी पानाचा भाव एका रोमन पौंडास ६० देनारी असा देतो. रोमन पौंड म्हणजे आपले सुमारे सव्वातीनशे ग्रॅम. त्या काळी रोमन सैन्यातील साध्या शिपायाला वर्षाला २२५ देनारी वेतन मिळे. म्हणजे आज वाण्याकडे पुडीत बांधून मिळणाऱ्या या पानांच्या सव्वातीनशे ग्रॅमसाठी शिपायाचा तीन महिन्यांहून अधिक पगार मोजावा लागत होता. त्याच्या सुगंधी तेलाने श्रीमंत लोक केस माखीत. ते वाइनमध्ये, स्वयंपाकात आणि औषधांत पडत असे. पुढे विषावरील उतारा म्हणून युरोपभर प्रसिद्ध पावलेल्या 'थेरियाका' या बहुऔषधी पाकातही त्याला जागा मिळाली.

पाण्यावर तरंगणारे पान

त्याच पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. संत पौलाचे तार्सस शहर ज्या किलिकिया प्रांतात होते, त्याच प्रांतातील अनाझार्बस हे त्याचे गाव. औषधींवरील त्याचा पाच भागांचा ग्रंथ पुढील दीड हजार वर्षे युरोपात आणि अरब जगतात प्रमाण मानला गेला. या पानाचे उपयोग त्याने नीट नोंदले आहेत. ते मूत्रल आहे, पोटाला हितकर आहे, वाइनमध्ये उकळून डोळ्यांच्या दाहावर लावतात, तोंडाला सुवास यावा म्हणून जिभेखाली ठेवतात आणि कसर लागू नये म्हणून कपड्यांत घालतात. पेटीतील पानाची आपली चाल ती हीच.

परंतु झाडाविषयी तो लिहितो ते मोठे चमत्कारिक आहे. त्याच्या मते हे पान हिंदुस्थानातील दलदलीत उगवते आणि मुळाशिवाय पाण्यावर तरंगते. लोक ते गोळा करून दोऱ्यात ओवतात व वाळवतात. उन्हाळ्यात पाणी आटले की त्या जमिनीवर काटक्या पेटवाव्या लागतात, नाहीतर पान पुन्हा उगवत नाही! प्लिनीनेही अशीच पाणथळ जागेची कथा सांगितली आहे.

डायोस्कोरिडीस खोटे बोलणारा मनुष्य नव्हता. त्याच्या हाती पान आले ते वाळलेले आणि ओवलेले. खासी टेकड्यांपासून भूमध्य समुद्रापर्यंत ते किती हातांतून गेले असेल! प्रत्येक हाताने माल पुढे दिला. माहिती मात्र वाटेत बदलत गेली. कोणी कमळाच्या पानाची गोष्ट यात मिसळली असेल, कोणी शेत जाळण्याच्या रीतीची. चूक होणे समजण्यासारखे आहे. खेदाची गोष्ट ही की पुढे शतकानुशतके विद्वानांनी ती जशीच्या तशी उतरवून घेतली. ग्रंथ थोराचा आहे एवढ्यावर सारे थांबले. मधल्या काळात काही युरोपीय वैद्यांनी आणखी एक घोळ घातला आणि आपले विड्याचे पान म्हणजेच हे 'इंडियन पान' असे ठरवून टाकले.

हे सारे निस्तरण्यासाठी कोणीतरी हिंदुस्थानात येऊन ते पान ज्यांचे आहे त्यांनाच विचारणे आवश्यक होते.

गोव्यातील वैद्य

गार्सिया द ओर्ता याचा जन्म इ. स. १५०० च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द विद या गावी झाला. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. स्पेनने १४९२ साली ज्यूंना देशाबाहेर घालवले तेव्हा असंख्य कुटुंबे पोर्तुगालात आली, आणि १४९७ मध्ये तेथे त्यांच्यावर बाप्तिस्मा लादण्यात आला. अशा कुटुंबांना 'नवख्रिस्ती' म्हणत आणि त्यांच्याकडे कायम संशयाने पाहत. ओर्ताने सालामांका व आल्काला येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि लिस्बनच्या विद्यापीठात काही काळ अध्यापन केले. १५३४ मध्ये मार्तीं आफोन्सो द सोझा याचा वैद्य म्हणून तो जहाजावर चढला आणि त्याच वर्षी गोव्यास पोहोचला. मायदेशी तो परत कधी गेला नाही.

आपल्या प्रदेशाशी त्याचे नाते जवळचे होते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य आणि मित्र होता. सुमारे १५५४ मध्ये मुंबईचे बेट त्याला कायमच्या खंडाने मिळाले. तेथील आंबे त्याच्याकडे गोव्यास येत, असा प्रसंग त्याच्याच पुस्तकात आहे. त्याचे घर ज्या जागी होते तेथेच पुढे मुंबईचा किल्ला उभा राहिला असे मानतात. वसई, साष्टीतील लेणी आणि घारापुरी यांचीही वर्णने त्याने केली आहेत.

१० एप्रिल १५६३ रोजी त्याचे पुस्तक गोव्यात छापून झाले. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयीचे हे संवाद आहेत. त्या काळी विद्वान लॅटिनमध्ये लिहीत. ओर्ताने लिहिले ते पोर्तुगीजमध्ये. येशूसंघीयांबरोबर गोव्यात छापखाना आला तो १५५६ साली, तेव्हा या भूमीवर छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी हे एक होय. महाकवी कामोंइश याची छापून प्रसिद्ध झालेली पहिली कविताही याच पुस्तकात आहे. रचना मोठी मजेदार आहे. युरोपातून नुकताच आलेला रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य जुन्या ग्रंथांचे दाखले देत प्रश्न विचारतो, आणि ओर्ता स्वतःच्या नावाने उत्तरे देतो. मध्येच अंतोनिया नावाची दासी हाक मारताच एखादे द्रव्य किंवा फळ आणून समोर ठेवते.

यातील एक संवाद 'इंडियन पाना'वर आहे. ओर्ता सांगतो की या देशाचे लोक त्याला 'तमालपत्र' म्हणतात आणि ग्रीक व लॅटिन लेखकांनी त्याचेच 'मालाबाथ्रम' केले. ते विड्याचे पान नव्हे. विड्याच्या वेलावर त्याने स्वतंत्र संवादच लिहिला आहे. ते पाण्यावर तरंगत नाही. ते झाडाचे पान आहे आणि झाड पाण्यापासून दूर वाढते. आकाराने ते नारिंगाच्या पानासारखे, टोकाकडे निमुळते, गडद हिरवे असून त्यावर लांबीभर तीन शिरा असतात. आपण वर जी खूण सांगितली तीच ही. दीड हजार वर्षांची चूक एका छोट्याशा संवादात मिटली.

ओर्ता काही देवदूत नव्हता. तो औषधांचा आणि रत्नांचा व्यापार करी, त्याच्या घरी दास-दासी होत्या, आणि अंतोनियाला त्या ज्ञानाच्या वाट्यात काय मिळाले हे पुस्तकात लिहिलेले नाही. पण त्याचा एक गुण घेण्यासारखा आहे. तो वैद्यांना, हकिमांना, गांध्यांना आणि बाजारातील माणसांना विचारी, वस्तू हातात घेऊन पाही, आणि मग लिही. स्पेनमध्ये असतो तर गॅलनसारख्या आचार्यांविरुद्ध बोलण्याचे धाडस आपल्याला झाले नसते, अशी प्रांजळ कबुलीही त्याने दिली आहे.

आपल्याच घरची जखम

पुस्तकाच्या पहिल्या पानावर गोव्याच्या इन्क्विझिटरची, आलेइशो दियाश फाल्कांव यांची परवानगी छापलेली आहे. इन्क्विझिशन म्हणजे धर्मसमीक्षण सभा गोव्यात १५६० मध्ये स्थापन झाली होती. ओर्ता १५६८ साली वारला आणि ख्रिस्ती म्हणून त्याचे दफन झाले. त्यानंतर या सभेचा हात त्याच्या कुटुंबापर्यंत पोहोचला. त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून पकडण्यात आले आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात जिवंत जाळण्यात आले. भाऊही मनाने ज्यूच होता, असे नातेवाइकांच्या जबान्यांतून निघाले. मृत माणसावर खटला चालला. ४ डिसेंबर १५८० रोजी त्याच्या अस्थी उकरून काढून जाळण्यात आल्या.

त्याला शिक्षा झाली ती तमालपत्राबद्दल लिहिल्यामुळे नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. त्याच्या विज्ञानावर कोणी आक्षेप घेतला नव्हता. ज्या पूर्वजांवर बळजबरीने धर्म लादला गेला, त्यांच्या मुलाने मनातून आपला जुना धर्म सोडला नाही, हा त्याचा गुन्हा ठरला. यात आम्हांला एक विसंगती दिसते आणि ती दुःखद आहे. हिंदुस्थानातील पाने, मुळे आणि साली यांच्याविषयी खरे काय ते सांगण्याची मुभा त्याला होती. स्वतःविषयी खरे काय ते सांगण्याची मात्र आयुष्यभर मुभा नव्हती.

त्याच्या अस्थी जळाल्या, पण पुस्तक जळाले नाही. शार्ल द लेक्लूझ ऊर्फ क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद १५६७ मध्येच अँटवर्प येथे छापला होता. पुढे तो पुन्हा पुन्हा छापला गेला आणि युरोपातील औषधशास्त्रात ओर्ताचे ज्ञान रुजले. पणजीच्या चर्चसमोरील नगरोद्यानाला पोर्तुगीज काळात त्याचेच नाव दिले गेले. धर्मसमीक्षण सभा स्वतः १८१२ साली कायमची बंद झाली.

असे विषय आपल्या नियतकालिकांत नकोत, विरोधकांच्या हाती कोलीत कशाला द्यावे, असे काही वाचकांना वाटेल. त्यांची भावना आम्ही समजू शकतो. परंतु १२ मार्च २००० रोजी, महाज्युबिली वर्षाच्या उपवासकाळात, पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात उभे राहून ख्रिस्तसभेच्या लेकरांकडून झालेल्या पापांची जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली वापरलेली असहिष्णु साधने आणि इस्राएलच्या प्रजेवर झालेला अन्याय, या दोन्हींचा त्या प्रार्थनेत वेगवेगळा उल्लेख होता. ओर्ताच्या घराण्याची कहाणी या दोन्हींत बसते. पोपमहोदयांनी जे वेदीसमोर कबूल केले, ते आपण आपल्या ओसरीवर कबूल करण्यास का कचरावे? धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केलेच आहे.

एका कार्मेलाइट फादरांचे काम

याच पानाच्या इतिहासात अभिमानाने सांगावे असेही एक पर्व आहे. ओर्तानंतर शंभर-एक वर्षांनी मलबारात 'होर्तुस मलाबारिकुस' हा वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ तयार झाला. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. करविता होता कोचीचा डच गव्हर्नर हेंद्रिक व्हान रीड, म्हणजे प्रॉटेस्टंट. १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतली होती. दोन पंथांत वैर धुमसत होते. तरीही आरंभीच्या कामात त्याचा हात धरला तो नेपल्सच्या एका कार्मेलाइट संन्याशाने. त्यांचे नाव फादर मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ. त्यांना वनस्पतींचा व्यासंग होता आणि त्यांनी स्वतः चित्रेही काढली.

त्यांच्या जोडीला इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते. शिवाय रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते. १६७५ मध्ये या तिघांनी नागरी लिपीत कोंकणीतून लिहून दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. कॅथलिक संन्यासी, प्रॉटेस्टंट गव्हर्नर, एझवा वैद्य आणि ब्राह्मण पंडित एका कामासाठी एकत्र आले, आणि कोणी कोणाला धर्म विचारला म्हणून काम अडले नाही. सह्याद्रीतील रानदालचिनीची नोंद या ग्रंथात 'कारुवा' या मलयाळी नावाने आहे.

पुढे शास्त्रज्ञांनी या झाडांना लॅटिन नावे दिली तेव्हा एक मौज झाली. हिमालयातील झाडाला 'तमाला' हे आपले नाव मिळाले, आणि सह्याद्रीतील बहिणीला 'मालाबात्रम' हा ग्रीकांचा अपभ्रंश चिकटला. ऐकण्यातली ती जुनी चूक अशा रीतीने शास्त्रात कायमची नोंदली गेली.

आज या पानाचे काय मानावे?

तमालपत्रातील सुवास त्याच्या बाष्पशील तेलाचा. त्यात लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड, तसेच लिनालूल अशी द्रव्ये असतात. प्रदेशागणिक आणि जातीगणिक त्यांचे प्रमाण बदलते. युजेनॉल जंतुनाशक आणि वेदनाशामक आहे. दातांचे डॉक्टर ते वापरतात. पानाच्या अर्काने जंतू आणि बुरशी यांची वाढ रोखली जाते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. तेव्हा धान्याच्या डब्यातील पान किंवा सर्दीच्या काढ्यातील पान ही आज्यांची नुसती समजूत नव्हती.

परंतु प्रयोगशाळेतील अर्क निराळा आणि आमटीतील एक पान निराळे. अलीकडे तमालपत्राच्या पाण्याने मधुमेह बरा होतो असे सर्रास सांगितले जाते. प्राण्यांवरील प्रयोगांत साखर उतरल्याचे आढळले आहे. माणसांवरील अभ्यास मात्र थोडे आणि लहान आहेत. अशा ऐकीव माहितीवर विसंबून कोणी गोळ्या किंवा इन्सुलिन बंद केले तर जिवाशी गाठ पडेल. ज्यांना ही औषधे चालू आहेत त्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी, अर्क किंवा तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणखी एक साधी गोष्ट : शिजूनही हे पान मऊ होत नाही, त्याची धार घशात टोचू शकते. मुलांच्या ताटातून ते आठवणीने काढावे. कडेला ठेवण्याची आपली सवय चांगलीच आहे.

'अमुक पानाने अमुक रोग जातो' असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला की आम्हांला पाण्यावर तरंगणारे ते पान आठवते. सांगणारा वाईट नसतो. त्यालाही कोणीतरी सांगितलेले असते. अशा वेळी ओर्ताची रीत धरावी. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावे, स्वतः पाहावे, आणि जेवढे खरे ठरेल तेवढेच पुढे सांगावे. इतिहासालाही तीच रीत लागू आहे, मग तो परक्यांचा असो की आपल्या घरचा.

यंदा मसाला करायला घ्याल तेव्हा तव्यावर टाकण्याआधी एक पान मुलांच्या हाती द्यावे आणि त्यावरील तीन शिरा त्यांना मोजायला लावाव्यात. त्या लिहून ठेवणाऱ्या वैद्याचे नाव सांगावे, आणि मुलांनी विचारले तर त्याचे पुढे काय झाले तेही सांगावे. सायंप्रार्थनेत आपण आपल्या मृतांची आठवण करतो. त्यात गार्सिया आणि कातारीना या भावाबहिणीचीही आठवण एखाद्या संध्याकाळी व्हावी, असे आम्हांला मनापासून वाटते.